हजेरीत नाव, ग्रुपवर टिंब

अकरावीचे प्रवेश उरकले की माझं पहिलं काम ठरलेलं: वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप करायचा. हजेरीपटावर ६२ नावं, सगळी सरकारी थाटात, आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. प्रवेश अर्जांवरचे ६२ नंबर एकेक करून ग्रुपात घ्यायचे. हे नंबर माझ्या फोनात सेव्ह नसतात, त्यामुळे ज्याने त्याने स्वतःला जे नाव दिलंय तेच एका नागमोडी रेघेमागे दिसतं. मग सुरू होते ओळख परेड. ~जय मल्हार. ~आईचा लाडका. ~निळं वादळ. ~साहेब. ~गप बस. ~पाटील, नुसतंच पाटील. आणि वर्गात पाटील सात. आठ-दहा मुलींच्या नंबरांवर वेल्डिंगचं दुकान, कृषी सेवा केंद्र, बँड पथक असलं काहीबाही, कारण फोन वडिलांचा. आणि एका नंबरावर फक्त टिंब. फोटोच्या जागी ती करडी बाहुली आणि नावाच्या जागी एक पूर्णविराम.

सुरुवातीची काही वर्षं मी ग्रुपवर दरडावून लिहायचे, ‘सर्वांनी आपले पूर्ण नाव टाकावे.’ साहेब आणि गप बस दोन दिवसांत वठणीवर यायचे, महिन्याभराने पुन्हा साहेब आणि गप बस व्हायचे. त्या वर्षीचं टिंब मात्र हललं नाही. एकदा तास संपल्यावर मी त्या मुलीला थांबवलं आणि विचारलं, काय गं, नाव का नाही टाकत? ती म्हणाली, “नाव टाकलं की आडनावावरनं शोधत्यात मॅडम. मग गाव सापडतंय, मग भाऊ सापडतोय.” एवढं बोलून एसटी चुकेल म्हणून पळाली.

पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळलं की बाईसाहेबांचं इन्स्टाग्रामवर बरं नाव आहे. एका पक्ष्याच्या नावाने खातं आहे. कोणत्या, ते मी इथे लिहिणार नाही. त्यात तिचा चेहरा नाही, आवाज नाही. नुसते हात दिसतात. भुईमुगाच्या शेंगा तोडणारे, परातीत पीठ मळणारे, पावसाच्या आधी गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवणारे. खाली कधी एक ओळ, कधी तीही नाही. मी त्या चित्रफिती पाहिल्या तेव्हा मनात आलं, ही मुलगी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते आणि वर्षभरात तिने एकदाही हात वर केलेला नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये या विषयावर चहाबरोबर हमखास वाद होतो. एक ज्येष्ठ सर म्हणतात, सगळा खोटारडेपणा इथूनच सुरू होतो. प्रत्येक खात्याला आधार जोडा, खऱ्या नावाशिवाय कुणाला तोंड उघडू देऊ नका, आठवड्यात सगळी घाण साफ होईल. हे सर एकटे नाहीत. वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांपासून विधिमंडळाबाहेरच्या बाइटपर्यंत ही मागणी सारखी डोकं वर काढते. ऐकायला ती रास्तही वाटते. माझं मत उलटं आहे आणि ते बनायला त्या टिंबाचा हात लागला. समाजमाध्यमावर खऱ्या नावाची सक्ती म्हणजे आपल्या समाजात आधीच ज्यांच्यावर नजर आहे त्यांच्यावर आणखी एक नजर बसवणं. आणि ज्यांना लगाम घालायचा म्हणून ही सक्ती हवी, ते तर आजही छाती पुढे काढून स्वतःच्याच नावाने बोलतात.

खरं नाव हे प्रकरण आपल्याकडे आलं कुठून, तेवढं आधी पाहू. फेसबुक २००४ साली सुरू झालं ते एका विद्यापीठाच्या वसतिगृहात. तिथे सगळे एकमेकांना तोंडओळखीने ओळखत होते, तर खोटं नाव घेऊन करणार काय? सप्टेंबर २००६मध्ये ते जगाला खुलं झालं, पण वसतिगृहाचा नियम तसाच राहिला: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात आडनाव, आणि दोन्ही खरी. फेसबुकच्याच वर्षी, २००४च्या जानेवारीत आलेलं ऑर्कुट आपल्या पिढीने जास्त वापरलं. तिथे कुणी नावाला चांदण्या लावायचं, कुणी स्वतःला ‘वाघ’ म्हणवून घ्यायचं, आणि तुम्ही कसे आहात हे तुमच्याऐवजी तुमचे मित्र ‘टेस्टिमोनियल’ लिहून सांगायचे. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा कुणाकुणाच्या त्या शिफारसपत्रांसाठी जीव हळहळला.

त्याही आधी, १९९६पासून, मायबोली हे मराठी संकेतस्थळ होतं. तिथे माणूस म्हणजे आयडी, स्वतःच घेतलेलं टोपणनाव. त्या आयड्या भांडायच्या, पाककृती टाकायच्या, कवितांवर तुटून पडायच्या. मग एखाद्या रविवारी गटग, म्हणजे प्रत्यक्ष भेटीचं गेट-टुगेदर, ठरायचं आणि पन्नाशीचे गृहस्थ समोर येऊन आपली ओळख आयडीनेच करून द्यायचे. घरी परतताना लक्षात यायचं, अरे, यांचं खरं नाव विचारायचं राहिलंच. दुसरा मुखवटा घालून स्वतःच्याच लेखाची तारीफ करणाऱ्याला ‘डूआयडी’ म्हणून लोक बरोबर हुडकून काढायचे. म्हणजे टोपणनावालाही अब्रू असते, ती मिळवावी लागते आणि ती जाऊही शकते. खऱ्या नावाशिवाय जबाबदारी येत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या काळातली चार भांडणं वाचावीत.

मराठी वाङ्मयाला तर हे शिकवायची गरजच नाही. ‘प्रभाकर’मधल्या शतपत्रांखाली गोपाळ हरी देशमुखांनी आपलं नाव घातलं नाही, लोकहितवादी म्हणून सही केली, सरकारी नोकरीत असताना आपल्याच जातीच्या भटशाहीवर कोरडे ओढायचे तर तेवढी सोय लागत होती. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस. यांना फेसबुकच्या रकान्यात बसवून दाखवा. आणि १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं छापून आलं, तेव्हा पुणं-मुंबई त्या मजकुराइतकीच ‘ही बाई कोण’ या प्रश्नाने पेटली होती. लिहिणाऱ्या बाळुताई खरे यांनी तेव्हा खरं नाव छापलं असतं तर त्यांच्या शिक्षिकेच्या नोकरीचं काय झालं असतं याची कल्पना मला माझ्या खुर्चीत बसून सहज करता येते. माझ्या टिंबवालीत आणि त्यांच्यात मला फारसं अंतर दिसत नाही. हिच्याकडे छापखान्याऐवजी फोन आहे, इतकंच.

आता ‘खरं नाव’ म्हणजे महाराष्ट्रात काय काय असतं? नावानंतर वडील. लग्नानंतर त्याच जागी नवरा. आडनावावरून गाव कळतं, नसेल कळत तर जिल्हा कळतो, आणि जात तर बहुतेक वेळा कळतेच. नाही कळली तर ‘मूळचे कुठले तुम्ही?’ हा प्रश्न आहेच तयार. एवढा सगळा ऐवज एका ओळीत मावतो. त्यामुळे मुंबईतल्या उंच इमारतीतल्या माणसाने ‘पूर्ण नाव लिहायला लाज कसली’ म्हणणं आणि तालुक्याच्या गावातल्या मुलीने ते लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बीडचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर जिल्ह्यात मराठा-वंजारी तेढ इतकी वाढली की पोलिसाचं आडनाव वाचून लोक त्याचा न्याय ठरवू लागले. २०२५च्या सुरुवातीला तिथल्या पोलीस अधीक्षकांनी टेबलावरच्या आणि छातीवरच्या पाट्यांवरून आडनावंच काढायला लावली. फक्त पहिलं नाव. म्हणजे कमरेला पट्टा आणि पाठीशी कायदा असलेल्या माणसालाही आडनाव जड झालं. तोच हवालदार संध्याकाळी फोन उघडून फेसबुकवर गेला की तिथे आडनावाचा रकाना कोरा सोडता येत नाही. एकच नाव ठेवायचं असेल तर लोक खातं इंडोनेशियात असल्याची बतावणी करतात. तिकडे एकेरी नावं चालतात म्हणून कंपनीने तेवढी फट ठेवलेली. आडनाव टाळायला मराठी माणसाला समुद्र ओलांडून जकार्ता गाठावं लागतं!

इथे मला स्वतःच्या बाजूचंही बोललं पाहिजे. आमच्यातल्या बऱ्याच सुशिक्षित मंडळींनी आडनाव गाळायची फॅशन मनापासून केली. नाव आणि पुढे आईचं नाव, बस्स. मीही वर्षभर तसं केलं. पण माझी भाषा, माझ्या घराच्या भिंतीवरचे फोटो, माझ्या ताटातलं जेवण, सगळं माझं आडनाव ओरडून सांगत होतं. गाळून माझं काही गेलं नाही आणि लावून काही बिघडत नव्हतं. ती माझी चैन होती. एका सहकाऱ्याने तेच आडनाव गाळलं ते पुण्यात भाड्याने खोली मिळेना म्हणून. आम्हा दोघांच्या प्रोफाइलवर दिसतं सारखंच, एक नाव आणि पुढे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचा अर्थ मात्र एक नाही.

उलट बाजूने पाहा. नाव झाकण्याऐवजी जात, समाज, दैवत ठळक लिहिणाऱ्यांबद्दल आपण शहरी लोक नाक मुरडतो. ~जय मल्हार, ~निळं वादळ, ~९६ कुळी, सगळ्यांना एकाच झाडूने लोटायचं, ‘जातीयवादी पोरं’. मे २०१५मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, कारण त्याच्या फोनची रिंगटोन आंबेडकरांवरच्या गाण्याची होती. ज्या रिंगटोनसाठी जीव जातो ती वाजवणं आणि बुलेटच्या टाकीवर ‘९६ कुळी’ रंगवून चौकात रेस करणं यांना एकाच तराजूत कसं घालायचं? सप्टेंबर २०२५मध्ये उत्तर प्रदेश सरकारने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोलिसी कागदपत्रांतून, गाड्यांवरून जातीचे उल्लेख काढायचे आदेश दिले आणि समाजमाध्यमांवर जातीचा गौरव करणाऱ्या मजकुरावर लक्ष ठेवायलाही सांगितलं. पोलिसी कागदातून जात जावी हे शंभर टक्के मान्य. पण गौरव कशाला म्हणायचं हे ठाण्यातला जमादार ठरवणार असेल, तर ‘जय भीम’वर बोट आधी पडेल आणि मिशीला पीळ देणाऱ्या फोटोवर नंतर, अशी मला दाट शंका आहे.

आपल्याकडे आपली ओळख आपणच सांगायची रीत जुनी आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. तुका म्हणे. नामयाची दासी जनी. सोयराबाई तर ‘म्हणे चोख्याची महारी’ असं लिहून जातात. जे बाकीचे तुच्छतेने म्हणणार तेच स्वतः उच्चारून अभंगाला सही करतात. तिथे आडनाव नाही, पण जात आहे, नातं आहे, आणि काय सांगायचं ते सांगणारी ठरवते. मला नेमकं एवढंच म्हणायचं आहे: काय सांगायचं ते सांगणाऱ्याने ठरवावं.

‘पण लोक खोटं दाखवतात त्याचं काय?’ हा पुढचा आक्षेप. कर्जाने घेतलेल्या गाडीला टेकून फोटो, हॉटेलातलं ताट, भांडण झाल्याच्या संध्याकाळी ‘माय वर्ल्ड’ म्हणून नवऱ्याबरोबरचा सेल्फी. मला यात एवढा अनर्थ दिसत नाही, कारण आपल्याकडे प्रोफाइल ही चीज फेसबुकच्या आधी चौकात लागली. फ्लेक्स आठवा. वरच्या रांगेत गोल कापलेली नेत्यांची डोकी, ज्येष्ठतेच्या क्रमाने. एखादं डोकं गायब झालं की गावाला कळायचं, गट बदलला. मधोमध गॉगल घालून फोनवर बोलणारा वाढदिवसवाला, त्याच्या मागे कुठल्यातरी परदेशातला हिरवागार डोंगर. खाली शुभेच्छुकांचे स्टॅम्पएवढे फोटो, ज्याची वर्गणी जास्त त्याचा फोटो दोन बोटं मोठा. आणि नावाखाली ‘भावी नगरसेवक’. आता या ‘भावी’ने गावात कुणाची फसवणूक झाली? एकाचीही नाही. शेंबडं पोरही तो शब्द बरोबर वाचतं. वाचणाऱ्याला लिपी येत असली की फुगवून लिहिलेलंही खरं कळतं. माझ्या विद्यार्थ्यांना इन्स्टाग्रामची लिपी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली येते. गाडीला टेकलेला फोटो पाहून ते पहिला प्रश्न विचारतात, ‘कुणाची रे?’

खरी कसरत वेगळीच आहे आणि ती बायकांना जास्त करावी लागते. प्रत्यक्षात आपण पारावर एक असतो, माहेरी दुसरे, नोकरीत तिसरे, आणि त्यात लबाडी कुणी शोधत नाही. फोनमध्ये हे सगळे एकाच ओसरीवर येऊन बसले. सासूबाई, मुख्याध्यापक, कॉलेजातला जुना मित्र, दूधवाला, मुलीच्या वर्गातल्या पोरांच्या आया. त्यामुळे २०१७मध्ये व्हॉट्सॲपवर २४ तासांत विरणारं स्टेटस आल्यापासून ते ‘कुणाला सोडून’ दाखवायचं याची यादी हा बायकांच्या संसारातला नवा हिशेब झाला. माझी धाकटी जाऊ एखाद्या सफाईदार कारकुनासारखी ही यादी सांभाळते. माहेरच्या लग्नातला स्लीव्हलेस ब्लाउजचा फोटो: सासरचे १४ नंबर वगळून. हरितालिकेचा फोटो: सगळ्यांना. नवऱ्याला बढती मिळाली: सगळ्यांना, पण नवऱ्याच्या चुलत भावाला वगळून. एकदा तिच्या हातून यादी चुकली आणि स्लीव्हलेस ब्लाउज थेट आत्याबाईंपर्यंत पोचला. त्यावर जे रामायण झालं ते संपायला गौरी-गणपती उजाडले. तिला कुणी खोटारडी म्हणू शकेल, पण त्यातला एकही फोटो खोटा नव्हता.

लग्नानंतरच्या नावाचंही तेच. दोन्ही आडनावं मध्ये छोटी रेघ मारून लावली की माहेरचे म्हणतात नवऱ्याचं कशाला आणि सासरचे म्हणतात बापाचं अजून कशाला. फेसबुकवर नाव एकदा बदललं की ६० दिवस पुन्हा हात लावता येत नाही. माझ्या एका मैत्रिणीचा घटस्फोट आणि हे ६० दिवस एकाच वेळी आले. दोन महिने ती ज्याच्यापासून सुटली त्याचं आडनाव मिरवत फिरली, आणि कुणाकुणाला त्यावर ‘जमलं वाटतं पुन्हा’ असं वाटलं. राज्य सरकारने मार्च २०२४मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येईल. चांगलं झालं. पण यावरून हेही दिसतं की ज्याला आपण दगडावरची रेघ मानतो ते ‘कायदेशीर पूर्ण नाव’ एका मंत्रिमंडळ बैठकीत बदलू शकतं. मग त्यालाच माणसाचं एकमेव खरं रूप का मानायचं?

कंपन्यांचाही याबाबतीत फार तात्त्विक हट्ट आहे असं नाही. सप्टेंबर २०१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या, स्त्रीवेशात कार्यक्रम करणाऱ्या ड्रॅग कलाकारांची खाती रंगमंचावरच्या नावांमुळे बंद पडली, बोंब झाली, ऑक्टोबरमध्ये फेसबुकने माफी मागितली. डिसेंबर २०१७मध्ये त्याच कंपनीने भारतात काही नव्या खातेदारांना आधारवरचं नाव टाकायची सूचना दाखवून पाहिली. ओरड झाल्यावर ती नुसती चाचणी होती असं सांगितलं. पुढे जून २०२३पासून भारतात महिना ६९९ रुपये भरले की खातं खरं असल्याची निळी खूण मिळू लागली. ट्विटरने तर त्याआधीच फुकटात दिलेल्या खुणा काढून घेऊन त्या विकायला ठेवल्या. खरेपणाला असा मासिक हप्ता लागला, तेव्हा तो खरेपणा कुणासाठी हवा होता ते कळून चुकलं. जाहिरातदाराला मी कोण हे नीट कळलं तर त्याचे पैसे वसूल होतात.

आता स्टाफरूममधल्या सरांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. बनावट खाती. मुलीच्या फोटोला दुसरंच धड लावायचं, तिच्याच नावाने खातं काढायचं, रात्री दोनला संदेश पाठवायचे. हे होतं, माझ्या विद्यार्थिनींच्या बाबतीत झालंय, आणि त्यातली एक त्यापायी कॉलेज सोडून गेली. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण तिचं प्रकरण मी जवळून पाहिलं म्हणून सांगते: त्रास देणारा कोण हे तिला दुसऱ्या दिवशीच माहीत होतं. आपल्याकडे फोनचं सिमकार्ड कागदपत्रांशिवाय मिळत नाही, खातं बहुतेकदा त्या नंबरवर असतं, पोलिसांनी मागितलं तर माग निघतो. तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तोतया खातं किंवा असला फोटो तक्रार आल्यावर हटवायला २०२१च्या नियमांत कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली. तरी तिला ठाण्यात काय ऐकावं लागलं? ‘कशाला टाकायचे फोटो मग?’ तक्रार लिहून घ्यायलाच चार फेऱ्या झाल्या. अडलं होतं ते तक्रार लिहिणाऱ्या माणसाच्या इच्छेपाशी. उद्या देशातल्या प्रत्येक खात्याला आधार जोडला तरी त्या टेबलावरचा तो प्रश्न बदलणार नाही.

शिवाय खरं नाव असलं की माणूस जपून बोलतो हे गृहीत तरी कुठे टिकतं? जून २०२३मध्ये कोल्हापूर पेटलं, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं, ते व्हॉट्सॲप स्टेटसवरून. स्टेटस म्हणजे आपला नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांनाच दिसणारी गोष्ट. तिथे निनावी कोण? माझ्या स्वतःच्या एका लेखाखाली मला ज्यांनी बाजारबसवी म्हटलं त्यांतल्या निम्म्यांच्या फोटोत त्यांची मुलं मांडीवर होती. नाव, गाव, नोकरी, सगळं उघड. त्यांना लपायची गरजच वाटत नाही, कारण शिवी दिल्याबद्दल त्यांना कुणी काही विचारणार नाही हे ते ओळखून आहेत. आणि खऱ्या नावाने साधा प्रश्न विचारला म्हणून काय होतं तेही आपण पाहिलंय. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या एका मुलीने मुंबई बंद कशासाठी असं फेसबुकवर लिहिलं, दुसरीने त्याला लाइक दिलं. दोघींना अटक झाली आणि त्यांतल्या एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला गेला. नाव खरं होतं म्हणूनच दवाखाना सापडला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६अ खाली ती अटक झाली ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं, पण दवाखाना फोडायला कुठलं कलम लागत नाही.

दक्षिण कोरियाने सरांचा उपाय करून पाहिला आहे. २००७पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर नागरिक क्रमांकाने ओळख पटवल्याशिवाय मत मांडता येत नव्हतं. २०११मध्ये चोरट्यांनी एका बड्या कंपनीच्या दोन संकेतस्थळांतून साडेतीन कोटी लोकांची माहिती पळवली. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात. २०१२च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने तो कायदा मोडीत काढला. बेकायदा मजकूर त्याने म्हणावा तसा कमी झाला नव्हता, आणि लोक मात्र बोलायला कचरू लागले होते. आपल्या २०२१च्या नियमांत मोठ्या समाजमाध्यमांनी ओळख पडताळणीची सोय द्यावी, पण ती ऐच्छिक असावी, असं आहे. ‘ऐच्छिक’ हा शब्द तिथून हलू नये, एवढ्यासाठी तरी आपण जागं राहावं. आधारच्या झेरॉक्सा वडापावच्या कागदासारख्या फिरतात त्या देशात तर जास्तच.

मग जबाबदारी कुणावरच नाही का? आहे. गुन्हा झाला, न्यायालयाने सांगितलं, तर माणूस सापडलाच पाहिजे, आणि तो आजही सापडू शकतो. पण सापडण्याजोगं असणं आणि पाटी गळ्यात अडकवून फिरणं यांत फरक आहे. तो मला कळला तो माझ्याच ग्रुपमध्ये. यंदा मी ‘पूर्ण नाव टाका’ असं लिहिलं नाही. लिहिलं, ‘ग्रुपवर काहीही नाव ठेवा, मला फक्त आपला हजेरी क्रमांक खाजगीत पाठवा.’ कुठला क्रमांक कुठल्या नंबरचा ते मी वहीत मांडलं आणि वही कपाटात ठेवली. आता ~साहेबने ग्रुपवर वावगं काही टाकलं तर तो कोण ते मला ठाऊक आहे, आणि यंदाच्या टिंबांना त्यांच्या वर्गमित्रांपासून लपायला जागा आहे. यंदा टिंबं तीन आहेत.

दोन दिवसांत ६१ क्रमांक आले. बासष्टावा नंबर एका पिठाच्या गिरणीचा आहे. मी विचारलं, आपण कोण? उत्तर आलं, ‘गिरणी दुपारी १ ते ४ बंद.’